गॅस गिझरची विझणारी पायलट आणि ‘डायरेक्ट’ करण्याची खोड

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव तोंडावर आला आहे. घरांची रंगरंगोटी, मखराची जुळवाजुळव आणि चाकरमान्यांच्या गाड्यांची आरक्षणे यांच्या जोडीला कोकणातल्या घरांत या दिवसांत आणखी एक काम हमखास निघते, ते म्हणजे कुरकुरणारा गॅस गिझर चालू करून घेणे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्प निदेशक म्हणून नोकरी केल्यामुळे आणि निवृत्तीनंतर गुहागर तालुक्यात स्थायिक झाल्यामुळे अशा वेळी शेजारीपाजारी मला हाक मारतात, आणि तक्रार बहुधा एकच असते : ज्योत पेटते, पण टिकत नाही. या तक्रारीवर आपल्या भागात जो उपाय सर्रास केला जातो तो जिवावर बेतणारा आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कारागीर येतो, झाकण उघडतो, सुरक्षेसाठी बसवलेल्या सेन्सरच्या दोन तारा काढून एकमेकींना पिळतो, वर चिकटपट्टी गुंडाळतो आणि ‘डायरेक्ट करून दिलाय, आता विझायचा नाही’ असे सांगून पैसे घेऊन जातो. काही ठिकाणी तर पायलटचे, म्हणजे अखंड जळणाऱ्या छोट्या ज्योतीचे, बटण दाबलेलेच राहावे म्हणून त्यात लाकडाची पाचर मारलेली मी पाहिली आहे. घरमालकालाही बरे वाटते, कारण ज्योत खरोखरच विझत नाही. परंतु फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी जाड तार घालण्यासारखाच हा प्रकार आहे. ज्या कारणासाठी ज्योत विझत होती ते कारण जागच्या जागी राहते आणि त्याची वर्दी देणारे साधन तेवढे निकामी होते.

आपल्याकडे गॅस गिझर मुख्यतः दोन तऱ्हेचे दिसतात. एक टाकीचा, जो काही लॉजमध्ये आणि जुन्या बंगल्यांत अजून आहे. यात मुख्य बर्नरच्या शेजारी बोटाच्या पेराएवढी ज्योत अखंड जळत असते आणि तिलाच सगळे पायलट म्हणतात. दुसरा भिंतीवरचा, दोन मोठ्या सेलवर चालणारा आणि नळ सोडताच ठिणगी उडवून पेटणारा. यात कायम जळणारी पायलट नसते, मात्र ज्योत आहे की नाही हे पाहणारी दांडी असते आणि तिने ‘नाही’ म्हटले की गॅस बंद होतो. पहिल्या प्रकारात हे काम थर्मोकपल नावाची धातूची कांडी करते. दोन भिन्न धातूंचा सांधा तापवला की त्यातून वीज वाहू लागते हे थॉमस सीबेक यांनी १८२१ साली दाखवून दिले होते. पायलटच्या ज्योतीत तापणाऱ्या या कांडीतून जेमतेम २५ ते ३० मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या सेलच्या पन्नासाव्या भागाएवढे. परंतु तेवढ्यावर व्हॉल्व्हमधले लहानसे विद्युतचुंबक गॅसची वाट उघडी धरून ठेवते. ज्योत गेली की कांडी थोड्याच वेळात थंड होते, चुंबक सुटते आणि गॅस आपोआप थांबतो. थंड देशांतील घरांत लाकडांऐवजी गॅसवर चालणारी शेकोटी असते तिच्यातही हीच योजना आहे, त्यामुळे परदेशी गेलेली आपली मुले हिवाळ्याच्या सुरुवातीला शेकोटीची पायलट टिकत नाही म्हणून हैराण होतात तेव्हा त्यांचे दुखणे आणि दापोली-मालवणातल्या गिझरचे दुखणे मुळात वेगळे नसते. तेथे धुराड्यातून उलटा उतरणारा वारा आणि उन्हाळाभर वापर नसल्याने साचलेली धूळ ही नेहमीची कारणे; येथे खारी हवा, कीटक आणि कोंदट न्हाणीघर.

ज्योत नेमकी केव्हा विझते हे नीट पाहिले तर निम्मे निदान तेथेच होते. टाकीच्या गिझरात बटण दाबून पायलट पेटवल्यावर ते अर्धा ते एक मिनिट दाबून धरावे लागते, कारण कांडी तापायला तेवढा वेळ लागतो. पुरेसा वेळ धरूनही बटण सोडताच ज्योत गेली, तर दोष थर्मोकपलच्या बाजूचा समजावा : कांडी झिजलेली असेल, तिच्या टोकावर काजळी असेल, ज्योत बारीक झाल्यामुळे टोकाला नीट कवटाळत नसेल, किंवा व्हॉल्व्हला जोडणारी चाकी ढिली झाली असेल. पायलट तासन्‌तास टिकते आणि मुख्य बर्नर भडकताच जाते, असे होत असेल तर गॅसचा दाब पाहावा. घरगुती रेग्युलेटरमधून गॅस सुमारे ३० मिलिबार दाबाने बाहेर पडतो. रेग्युलेटर थकला असेल, नळी कपाटामागे चेमटली असेल किंवा सिलिंडर तळाला आला असेल, तर मोठा बर्नर पेटल्यावर पायलटच्या वाट्याला पुरेसा गॅस उरत नाही. आणि पायलट व बर्नर दोन्ही व्यवस्थित पेटून पाचदहा मिनिटांनी सारे विझत असेल, तर आधी यंत्राकडे बोट न दाखवता त्या खोलीच्या हवेकडे पाहावे. हा तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा आहे आणि ‘डायरेक्ट’चा प्रयोग नेमका याच प्रकारात सर्वाधिक होतो.

सेलवरच्या गिझरात याशिवाय काही निरुपद्रवी कारणे असतात. सेल उतरले की ठिणगी उडते, पण व्हॉल्व्ह उघडा धरण्याइतका जोर राहत नाही. आपल्या बैठ्या घरांच्या स्लॅबवर ठेवलेल्या टाकीचे पाणी शॉवरपर्यंत येते तेव्हा त्याचा दाब जेमतेम पाव बार असतो. अशा वेळी स्वयंपाकघरात कोणी नळ सोडला की पाण्याच्या दाबावर गॅस उघडणारा गिझरातला पडदा मागे सरतो आणि ज्योत जाते. पावसाळ्यात विहिरीच्या पाण्यातून येणारा जांभ्याचा तांबडा गाळ गिझरच्या तोंडच्या जाळीत बसला तरी हेच होते, आणि ती जाळी काढून धुणे हे घरच्या कोणालाही जमणारे काम आहे. बऱ्याच गिझरांत वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय मुद्दाम ठेवलेली असते, तिला बिघाड समजून कारागिराला बोलावणारेही कमी नाहीत.

खाऱ्या हवेबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण गिझरसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख क्वचितच असतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते पितळेच्या जोडांवर बसतात, पावसाळी दमट हवेत ओले राहतात आणि त्या जागी हिरवा कळंक चढतो. थर्मोकपलचा विद्युतदाब मुळातच इतका किरकोळ असतो की चाकीखालच्या कळंकाचा पातळ थरही चुंबकाची पकड सोडवायला पुरतो. सेलवरच्या गिझरात ज्योत ओळखणाऱ्या दांडीच्या चिनी मातीच्या बुंध्यावर ओलसर मीठ साचले, की तिच्यातून जाणारा अत्यल्प प्रवाह भलतीकडे झिरपतो आणि डोळ्यांसमोर निळी ज्योत जळत असूनही यंत्राला ती दिसत नाही. वेळणेश्वर, हर्णै, तारकर्ली अशा किनाऱ्यालगतच्या गावांत एखादा गिझर वर्षभर उत्तम चालून श्रावणात अचानक रुसतो, त्याचे हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे कीटक. महिनोन्‌महिने बंद असलेल्या घरात कोळी बर्नरच्या नळीत जाळे विणतो आणि कुंभारीण माशी हवेच्या भोकात मातीचे घर बांधते. मुंबईकरांची घरे वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि गणपतीत उघडतात, हे त्या माशीला कोणी सांगितले नसले तरी तिला ठाऊक असावे असे वाटते. हवेचे भोक बुजले की गॅसमध्ये हवा नीट मिसळत नाही, ज्योत पिवळी व लांबट होते, भांड्यावर काजळी धरते आणि विषारी वायू तयार होऊ लागतो.

हे सारे साफ करता येते. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून, यंत्र पूर्ण गार झाल्यावर, मऊ ब्रशने बर्नर आणि पायलटभोवतीची जागा झाडावी, जाळी-माती काढावी आणि सायकलच्या पंपाने हवा मारावी. पायलटच्या तोंडात मात्र सुई किंवा टाचणी कधीही घालू नये; ते भोक केसासारखे बारीक असते आणि एकदा मोठे झाले की ज्योतीचे माप कायमचे बिघडते. थर्मोकपलचे टोक कोरड्या फडक्याने पुसावे, फार तर अगदी बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवावा. चाकी उघडून कळंक पुसल्यावर ती हाताने घट्ट होईपर्यंत फिरवून पान्याने आणखी पाव फेरा द्यावा, त्याहून जास्त आवळली तर आतला संपर्क चेपतो. ज्योत निळी असावी आणि कांडीच्या वरच्या भागाला वेढून असावी. ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांनी कांडी सोडवून, ज्योतीत तापवून विद्युतदाब मोजावा. नव्या कांडीच्या मानाने तो निम्म्यावर आला असेल तर सरळ नवी कांडी बसवावी, ती फार महाग नसते. गॅसचा कोणताही जोड उघडला असेल तर परत बसवल्यावर साबणाचा फेस लावून गळती तपासावी, काडी पेटवून नव्हे. हे काम घरच्या घरी करण्याचा आत्मविश्वास नसेल तर जाणकार कारागिराकडून करून घ्यावे. परंतु कामाच्या वेळी समोर उभे राहावे आणि तो काय काढतो, काय जोडतो ते पाहावे.

आता हवेविषयी. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण चालला तर तासाला साधारण ०.९ किलो गॅस जाळतो, म्हणजे स्वयंपाकघरातल्या शेगडीच्या एका बर्नरच्या पाचसहा पट. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. वीस मिनिटे गिझर चालला तर जवळजवळ ४ घनमीटर हवेतला सारा प्राणवायू खर्ची पडतो. पाच फूट रुंद, सात फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात एकंदर हवाच ८ घनमीटरच्या आत असते. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की सुरक्षेचा सेन्सर किंवा त्यासाठी खास घडवलेली पायलट गॅस तोडते. न्हाणीघर पूर्ण बंद आहे असे गृहीत धरले तर या हिशेबाने ती वेळ पाचसहा मिनिटांतच येते. दाराच्या फटीतून थोडी हवा येत असल्याने प्रत्यक्षात काही मिनिटे जास्त मिळतात, एवढेच. तेव्हा आठव्या-दहाव्या मिनिटाला विझणारी ज्योत ही बहुतेक वेळा तिचे नेमून दिलेले काम करत असते.

याची खात्री करून घेणे अवघड नाही. एकदा न्हाणीघराचे दार आणि खिडकी सताड उघडी ठेवून, आत कोणी आंघोळीला नसताना, नुसते बादलीत पाणी सोडून गिझर चालवावा. तसा तो टिकला आणि दार-खिडकी लावल्यावर विझू लागला, तर दोष खोलीचा आहे. दार उघडे असतानाही तसाच विझत असेल, तर पायलटच्या हवेच्या भोकात धूळ आहे, किंवा कांडी वा सेन्सर बिघडला आहे. तो साफ करावा किंवा बदलावा. यापैकी कोणत्याही निष्कर्षात सेन्सरच्या तारा पिळण्याला जागा नाही.

आपल्या जुन्या घरांत हा प्रश्न नव्हता. न्हाणी घराच्या मागच्या अंगाला असे, भिंती जांभ्याच्या, वर कौले, आणि भिंत व कौले यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट. चुलीवर तांब्याचा हंडा दिवसभर तापत असे आणि धूर वाट मिळेल तेथून निघून जाई. आज त्याच घरांत खोलीला लागून, छतापर्यंत फरशी लावलेले, वर स्लॅब असलेले आणि सरकत्या काचेच्या खिडकीचे न्हाणीघर असते. त्यातूनही हवा खेळण्याची जी झडप उघडी राहते ती मृगाआधी, पावसाची झड आत येऊ नये म्हणून, प्लास्टिकच्या कापडाने बंद केली जाते आणि दिवाळीपर्यंत कोणी काढत नाही. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी किनाऱ्यावर धडकल्यावर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात वीज कित्येक दिवस नव्हती. त्या अनुभवानंतर विजेवर अवलंबून राहायला नको म्हणून माझ्या परिचयातल्या अनेकांनी गॅस गिझर घेतले. तो विचार समजण्यासारखा आहे. बसवताना मात्र विजेच्या गिझरची रिकामी झालेली जागा, म्हणजे न्हाणीघरातली भिंत, तेवढी पाहिली गेली. त्यात गणपतीच्या दिवसांत पाचसहा माणसांच्या घरात पंधरा-वीस माणसे असतात, सकाळी आरतीच्या आत सर्वांच्या आंघोळी उरकायच्या असतात आणि एकामागून एक जण त्याच बंद खोलीत जातो. पहिल्याने वापरलेली हवा शेवटच्यापर्यंत बदललेलीच नसते.

हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळून जो विषारी वायू तयार होतो त्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. गॅसगळतीचा जो उग्र वास आपल्याला ओळखीचा आहे तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. गॅस जळताना तोही जळून जातो, त्यामुळे न्हाणीघरात वास येत नाही याचा अर्थ हवा चांगली आहे असा होत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके जड होणे, मळमळ, पायांतले बळ जाणे ही पहिली लक्षणे, आणि ती उपासाने किंवा प्रवासाच्या दगदगीने आली असावीत असे सहज वाटते. कोणी आत बेशुद्ध पडले तर प्रथम दार उघडून त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दवाखान्यात ‘न्हाणीघरात गॅस गिझर चालू होता’ हे आवर्जून सांगावे, कारण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर या विषबाधेत फसतो आणि प्राणवायू ठीक असल्याचे दाखवतो. न्हाणीघराची कडी बाहेरून उघडता येईल अशी असावी, ही सूचना अनेकांना विचित्र वाटते, तरी ती मी सर्वांना करतो.

गिझरची योग्य जागा न्हाणीघराच्या बाहेर, मागच्या पडवीत किंवा बाहेरच्या भिंतीवर आहे. तेथून गरम पाण्याची नळी आत आणावी. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि एरवी दुपारचा वारा समुद्राकडून येत असल्याने पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत निवडावी, वर पत्र्याची पडळ काढावी आणि बाजूंना आडोसा करावा, पण पुढून मोकळे ठेवावे. सिलिंडरही तेथेच, सावलीत आणि उभा असावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो आणि न्हाणीघराच्या खोलगट जमिनीसारखी त्याला सोयीची जागा नाही. घेताना आयएसआय चिन्ह आणि १५५५८ हा मानक क्रमांक पाहावा. बाहेर बसवणे शक्यच नसेल तर छताजवळ एक आणि जमिनीलगत एक अशा कायम उघड्या, काच नसलेल्या दोन झडपा हव्यात आणि गिझरचे धुराडे भिंतीबाहेर काढलेले हवे. तरीही आधी बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा आणि मग आंघोळीला जावे.

आपल्या वृत्तपत्राद्वारे काही अपेक्षा संबंधितांपर्यंत पोहोचवाव्यात अशी विनंती आहे. गॅस वितरकांचे कर्मचारी घरी तपासणीला येतात तेव्हा शेगडी, नळी आणि रेग्युलेटर पाहून सही घेतात. आमच्या वाडीत तरी त्यांपैकी कोणी न्हाणीघरात डोकावल्याचे मला आठवत नाही. गिझर कोठे बसवला आहे, झडप उघडी आहे का आणि सेन्सर जागेवर आहे का, हे तीन रकाने त्यांच्या तक्त्यात घालायला खर्च येत नाही. पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणी करताना न्हाणीघरात गॅस गिझर नसल्याची अट असावी. पाहुणा एका रात्रीसाठी येतो, त्या खोलीची झडप कोठे आहे हे त्याला ठाऊक नसते आणि गिझर ‘डायरेक्ट’ केला आहे हे त्याला कोणी सांगत नाही. नगरपंचायती आणि ग्रामपंचायतींनी घरबांधणीची परवानगी देताना न्हाणीघराची कायम उघडी झडप नकाशावर दाखवायला लावावी. आणि ज्या संस्थांत मी नोकरी केली त्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी गावोगावच्या गॅस दुरुस्ती करणाऱ्या मुलांसाठी दोन-तीन दिवसांचा छोटा वर्ग घ्यावा. ही मुले हुशार आहेत, हाताला चलाख आहेत. थर्मोकपल मोजायचे कसे आणि प्राणवायूचा सेन्सर कशासाठी असतो हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. गिऱ्हाईक घाई करते, सुटा भाग चिपळूण किंवा रत्नागिरीहून यायला चार दिवस लागतात, म्हणून ते तारा पिळतात. तालुक्याच्या ठिकाणच्या दुकानदारांनी थर्मोकपल, पायलटचे तोंड आणि सेन्सर श्रावणाआधीच आणून ठेवले तर निम्मी ‘डायरेक्ट’ प्रकरणे होणारच नाहीत.

ज्यांच्या घरी असा तारा पिळलेला गिझर आज आहे, त्यांनी तो चतुर्थीपूर्वी बंद करून मूळ सेन्सर बसवून घ्यावा आणि तोवर पाणी चुलीवर किंवा शेगडीवर तापवावे. गॅसगळतीची शंका आल्यास १९०६ हा मदत क्रमांक आहे. १०८ आणि १९०६ हे दोन्ही क्रमांक आणि झडपेवरचे प्लास्टिक काढण्याची सूचना आपण गणेशोत्सवाच्या पुरवणीत चौकटीत छापलीत तर ती मुंबईहून येणाऱ्यांच्याही नजरेस पडेल.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी